सव्वा, पाऊण आणि ऊसबिल : प्रमाणाचे सोपे गणित



गणित म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांच्या पोटात गोळा येतो. "ते पोरांचं काम, आमचं वय गेलं," असे म्हणून आपण कागद दुसऱ्याच्या हातात देतो आणि तो सांगेल तो आकडा खरा मानतो. पण ऊस आपला, घाम आपला आणि बिलही आपले. मग हिशेब तेवढा परक्याचा का? ह्या लेखात आम्ही एकच गोष्ट सांगणार आहोत. शेतातला आणि बिलातला निम्माअधिक हिशेब 'प्रमाणा'चा असतो, आणि प्रमाणाचा हिशेब करायला चौथीपाचवीत शिकलेले सममूल्य अपूर्णांक पुरेसे होतात. नवीन काही शिकायचे नाही, जुने आठवायचे आहे.

सुरुवात घडलेल्या एका गोष्टीने करू. नावे-गावे सांगत नाही, कारण अशी घरे प्रत्येक गटात आहेत.

दोन भावांचा वाद

एका हंगामात दोघे सख्खे भाऊ आमच्याकडे गट ऑफिसात आले. सोबत त्यांची आईही होती. दोघांचे शेत लागून. थोरल्याचे १ एकर १० गुंठे, धाकट्याचे ३० गुंठे. लागण एकाच दिवशी, बेणे एकच, पाणी एकाच विहिरीचे. नोंद मात्र थोरल्याच्या नावावर, म्हणून बिलही त्याच्याच खात्यावर. दोन्ही शेतांचा मिळून ऊस भरला ८४ टन. वाटणी कशी करायची? गावातल्या एका शिकल्यासवरल्या माणसाने मशीनवर हिशेब करून दिला, तो असा :

थोरल्याचे क्षेत्र १.१०, धाकट्याचे ०.३०, एकूण १.४०.
थोरल्याचा ऊस : ८४ × १.१० ÷ १.४० = ६६ टन.
धाकट्याचा ऊस : ८४ × ०.३० ÷ १.४० = १८ टन.

थोरल्याने त्याप्रमाणे पैसे दिले. धाकट्याच्या मनाला पटेना. "पाऊण एकराला अठराच टन? शेजारी चाळीसच्या वर निघतंय." थोरला म्हणाला, "मशीननं केलंय, माझ्या मनचं न्हाई. मशीन खोटं बोलतंय व्हय?" एवढ्यावरून दोघांचे बोलणे बंद झाले. बांधावरून जाताना एकमेकांकडे बघेनात.

आम्ही कागद पाहिला. गुणाकार बरोबर होता, भागाकार बरोबर होता. मशीन खोटे बोललेच नव्हते. मग चुकले कुठे? आम्ही विचार करीत होतो तोवर कोपऱ्यात बसलेली म्हातारी म्हणाली, "सव्वा एकर आणि पाऊण एकर. मिळून दोन. त्यात पाऊण एकराला किती, येवढंच बघायचं न्हवं?"

शाळेची पायरी न चढलेल्या त्या माउलीने चूक कुठे आहे ते नेमके दाखवले. तिचा उलगडा आपण पुढे करू. त्याआधी अपूर्णांकाची थोडी उजळणी.

सममूल्य म्हणजे काय

अर्धी भाकरी खा, नाहीतर दोन चतकोर खा, पोटाला तेवढेच. अर्धी म्हणजे १/२. दोन चतकोर म्हणजे चार तुकड्यांपैकी दोन, २/४. लिहिण्यात फरक, किमतीत नाही. ज्यांची किंमत सारखी ते सममूल्य अपूर्णांक.

वरच्या आकड्याला अंश म्हणतात, खालच्याला छेद. नियम एकच आहे : अंशाला आणि छेदाला एकाच संख्येने गुणले किंवा भागले तर किंमत बदलत नाही.

१/२ = २/४ = ५/१० = २०/४०

शेवटचा पाहा. एकराचे गुंठे ४०, त्यातले २० म्हणजे अर्धा एकर. ३०/४० चे अंश-छेद १० ने भागले की ३/४, म्हणजे पाऊण. ५०/४० ला १० ने भागले की ५/४, म्हणजे सव्वा. आपल्या वाडवडिलांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ केली होती. ते अपूर्णांकांचेच पाढे. बाजारात मशीन नव्हते तेव्हा व्यवहार त्यावरच चालत.

इथे एक खबरदारी. गुणायचे किंवा भागायचे. मिळवायचे नाही, वजाही करायचे नाही. २/३ मध्ये वर-खाली एक-एक मिळवला तर ३/४ होतात, पण ते सममूल्य नव्हेत. तिघांत दोन भाकरी आणि चौघांत तीन भाकरी ही वाटणी सारखी नाही. चौघांत तीनवाल्यांना जास्त मिळते. ही चूक कागदावर पोरकट वाटते, पण शेतात मोठी माणसे ती रोज करतात. ती कशी, ते पाहू.

फवारणीचा पंप

समजा, एका औषधाच्या लेबलवर लिहिले आहे : १५ लिटर पाण्याला ७५ मिलिलिटर. जुना पंप १५ लिटरचा होता, तोपर्यंत बरे चालले. आता बॅटरीचा पंप आणला, तो २० लिटरचा. किती औषध घालायचे?

एकजण म्हणतो, "पाच लिटर पाणी वाढलं, मग पाच मिली औषध वाढवा. ऐंशी घाला." झाली ती मिळवण्याची चूक. पाणी ज्या पटीने वाढले त्याच पटीने औषध वाढले पाहिजे.

७५/१५ = ?/२०

१५ चे २० एका उडीत होत नसतील तर दोन उड्या मारा. अंश-छेद १५ ने भागा : ७५/१५ = ५/१, म्हणजे लिटरला ५ मिली. आता दोन्हीला २० ने गुणा : १००/२०. उत्तर १०० मिली. ऐंशी घातले असते तर औषध वीस मिलीने कमी पडले असते. मग तण मरत नाही आणि आपण दुकानदाराला बोल लावतो, "औषधच डुप्लिकेट."

तेच २०० लिटरच्या बॅरलला करायचे तर ५/१ ला २०० ने गुणा : १०००/२००, म्हणजे एक लिटर औषध. ही 'एकाची पायरी' लक्षात ठेवा. थेट उडी जमत नसेल तर आधी एकावर या आणि तिथून पाहिजे तिकडे जा. (आकडे आम्ही उदाहरणापुरते घेतले आहेत. प्रत्यक्षात तुमच्या डब्यावरचे लेबल असेल तेच खरे. काही औषधांची मात्रा पाण्यावर नसून एकरावर दिलेली असते, तेव्हा छेदात लिटर नव्हे, एकर येईल.)

आता वाटणीचा उलगडा

गुंठे आणि टन यांचे प्रमाण मांडू. १ एकर १० गुंठे म्हणजे ४० + १० = ५० गुंठे. धाकट्याचे ३० गुंठे. एकूण ८० गुंठे, म्हणजे म्हातारीने सांगितलेले दोन एकर.

८४ टन / ८० गुंठे

अंश-छेद ८ ने भागले : १०.५ टन / १० गुंठे.
३ ने गुणले : ३१.५ टन / ३० गुंठे.
५ ने गुणले : ५२.५ टन / ५० गुंठे.

धाकट्याचा ऊस साडेएकतीस टन, थोरल्याचा साडेबावन्न. बेरीज ८४, ताळा जमला. म्हणजे धाकट्याला १८ टनांचे पैसे मिळाले होते, यायला पाहिजे होते साडेएकतीस टनांचे. फरक साडेतेरा टनांचा. तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला तीन हजार रुपये हाती आले असे धरले, तरी चाळीस हजार पाचशे रुपये. एका टिंबाने दोन भावांत चाळीस हजारांचा फरक पाडला!

होय, चूक त्या टिंबाची. १ एकर १० गुंठे आपण सोयीसाठी १.१० असे लिहितो. पण मशीनला वाटते, 'एक पूर्णांक दहा शतांश'. मशीन एकराचे शंभर भाग धरते, आपल्या एकराचे गुंठे चाळीसच. १ एकर १० गुंठे हे खरे तर १.२५ एकर आहे आणि ३० गुंठे हे ०.७५ एकर. म्हातारी 'सव्वा' आणि 'पाऊण' म्हणाली, तिथे चूक व्हायला जागाच नव्हती. गंमत अशी की १ एकर ४० गुंठे म्हणजे दोनच एकर, तेव्हा त्या कागदावरची बेरीज एका अर्थी बरोबर होती. वाटणी तेवढी चुकली.

मग कुठे टिंब चालते आणि कुठे नाही? सातबारावर क्षेत्र हेक्टर-आर मध्ये असते. हेक्टरचे आर बरोबर १००, म्हणून १.१० हेक्टर म्हणजे १ हेक्टर १० आर, तिथे मशीन चालते. काट्याच्या पावतीवर १२.४५० असे वजन असते. टनाचे किलो १०००, म्हणून ते १२ टन ४५० किलो, तिथेही चालते. एकर-गुंठ्यांना मात्र चालत नाही. आधी सगळ्याचे गुंठे करा, मगच मशीनला हात लावा.

यावरून प्रमाण मांडायचे तीन नियम आपोआप निघतात :

१) दोन्ही अपूर्णांकांत वर एकाच जातीची वस्तू आणि खाली एकाच जातीची. पहिल्यात टन वर असतील तर दुसऱ्यातही टन वरच.

२) मापे एकच करून घ्या. एकीकडे एकर आणि दुसरीकडे गुंठे, किंवा एकीकडे टन आणि दुसरीकडे क्विंटल, असे ठेवू नका.

३) शेवटी ताळा करा. तिरकस गुणाकार सारखा आला पाहिजे. ८४/८० आणि ३१.५/३० घ्या : ८४ × ३० = २५२०; ८० × ३१.५ = २५२०. जमले.

हीच आपली त्रैराशिके

ज्यांनी जुन्या शाळेत त्रैराशिके सोडवली आहेत त्यांना हे ओळखीचे वाटेल. तीन राशी माहीत, चौथी काढायची, म्हणून त्रैराशिक. ही रीत आपल्या देशात फार जुनी. आर्यभटाच्या इ.स. ४९९ च्या ग्रंथात ती आहे. भास्कराचार्यांच्या ११५० च्या 'लीलावती'त तर तिची पुष्कळ उदाहरणे आहेत. ह्या भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला होता. त्याविषयीचा १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. म्हणजे हे गणित आपल्या खानदेशात आठशे वर्षांपूर्वी शिकवले जात होते.

जुने गणिती तीन राशींना प्रमाण, फल आणि इच्छा म्हणत. ८० गुंठे हे प्रमाण, ८४ टन हे फल, ३० गुंठे ही इच्छा. फलाला इच्छेने गुणा आणि प्रमाणाने भागा : ८४ × ३० ÷ ८० = ३१.५. उत्तर तेच. त्रैराशिक हा पाठ करायचा नियम आहे, सममूल्य अपूर्णांक हे त्याचे कारण आहे. कारण कळले की नियम विसरला तरी अडत नाही.

युरियाचे पोते

आता खताकडे वळू. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्र ही परिचित शिफारस आहे. माती तपासली असेल तर अहवालाप्रमाणे ती कमीजास्त होईल. अडीच एकरांचा हेक्टर धरला तर एकरी १०० किलो नत्र. पण नत्र काही सुटे मिळत नाही, ते युरियात मिळते. युरियात नत्र ४६ टक्के. टक्का म्हणजे तरी काय? ज्याचा छेद १०० आहे असा अपूर्णांक.

४६ किलो नत्र / १०० किलो युरिया = १०० किलो नत्र / ? किलो युरिया

४६ वर जे करून १०० मिळतात तेच खालच्या १०० वर करा. १०० × १०० ÷ ४६ = २१७ किलो युरिया, थोडा अधिक. अर्थात हा सगळा एकदम टाकायचा नसतो, तीन-चार हप्त्यांत विभागून द्यायचा असतो.

इथपर्यंत ठीक. आता पोती किती? पूर्वी युरियाचे पोते ५० किलोचे होते. २०१८ पासून ते ४५ किलोचे झाले. पण "एकराला सव्वाचार पोती" हा पाठ ज्यांच्या तोंडी बसला त्यांच्या तोंडी तो तसाच राहिला. हिशेब करा :

४६/१०० = २३/५० = २०.७/४५

जुन्या पोत्यात २३ किलो नत्र, नव्यात २०.७ किलो. सव्वाचार जुनी पोती म्हणजे २१२.५ किलो युरिया. सव्वाचार नवी पोती म्हणजे १९१ किलोच्या आसपास. एकरी २१ किलो युरिया, म्हणजे जवळजवळ १० किलो नत्र, कोणी चोरले नाही आणि आपल्याला कळलेही नाही. १०० किलो नत्र द्यायचे तर नवी पोती लागतात २१७ ÷ ४५, म्हणजे पाचाला थोडी कमी. म्हणून पोती मोजू नका, किलो मोजा. छेद बदलला की अंशही बदलतो, हे विसरू नका.

एफ.आर.पी. म्हणजेही एक अपूर्णांक

आता सर्वांच्या जिव्हाळ्याचा विषय. २००९-१० च्या हंगामापासून केंद्र सरकार उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफ.आर.पी., जाहीर करते. पेपरात मथळा येतो तो रुपयांचा. पण त्याच्या पोटात बारीक अक्षरात एक छेद लपलेला असतो : साखर उतारा. २०२५-२६ च्या हंगामासाठी दर क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३५५० रुपये, जाहीर झाला. तो १०.२५ टक्के उताऱ्यासाठी. म्हणजे खरा दर असा लिहिला पाहिजे :

३५५० रुपये / १०.२५ टक्के

वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे वाढ, असेही त्या आदेशात आहे. हा आकडा कुठून आला? एकाची पायरी करून पाहा : ३५५ ÷ १०.२५ = ३४.६३. एक टक्क्याला ३४ रुपये ६३ पैसे, तर दशांश टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे. म्हणजे सरकारनेही सममूल्य अपूर्णांकच केला आहे.

समजा उतारा ११.५० टक्के आहे. सरकारी रीतीने : १०.२५ च्या वर १.२५ टक्के, म्हणजे साडेबारा दशांश. टनाला दशांशामागे ३४.६० रुपये, साडेबारा गुणिले ३४.६० = ४३२.५०. एकूण ३९८२.५० रुपये. प्रमाणाने : ३५५० × ११.५० ÷ १०.२५ = ३९८२.९३. फरक ४३ पैशांचा, तोही पैसे पूर्ण करताना पडलेला. ही रक्कम तोडणी-वाहतूक वजा होण्यापूर्वीची, हे ध्यानात असू द्या.

आता ह्याच हत्याराने मागच्या वर्षांचे दर तपासू. २०१७-१८ ला टनाला २५५० रुपये होते, २०१८-१९ ला २७५० झाले. "दोनशे रुपये वाढले," असे आपण सगळे म्हणालो. पण त्याच वर्षी पायाभूत उतारा ९.५ वरून १० टक्के झाला होता. छेद निराळे असताना अंशांची वजाबाकी करता येत नाही, हे आपण पाचवीत शिकलो. तेव्हा आधी छेद एक करू :

२५५०/९.५ = २६८४/१० (सुमारे)

दोन्ही दहा टक्क्यांवर आले. २७५० वजा २६८४, वाढ झाली ६६ रुपयांची. पुन्हा पाहा. २०२१-२२ ला २९०० रुपये, उतारा १० टक्के. २०२२-२३ ला ३०५० रुपये, पण उतारा १०.२५ टक्के. कागदावर वाढ दीडशेची. छेद एक केला की २९००/१० = २९७२.५०/१०.२५. खरी वाढ साडेसत्त्याहत्तर रुपयांची.

ह्यात कोणाला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. पायाभूत उतारा का बदलावा, याची कारणमीमांसा करण्याची ही जागा नव्हे. आमचे म्हणणे इतकेच, की टाळी वाजवायची किंवा निषेध करायचा, दोन्हीपूर्वी छेद पाहावा. सभासद जागा असला तर संस्था जागी राहते.

प्रमाण कुठे लावू नये

हत्यार हाती आले की माणूस ते सगळीकडे चालवतो. म्हणून चार इशारे.

पहिला : एक वाढले की दुसरे कमी होते, तिथे हा अपूर्णांक चालत नाही. एक फड ८ कोयते ६ दिवसांत तोडतात. १२ कोयते लावले तर दिवस वाढणार नाहीत, कमी होतील. तिथे भागाकार नव्हे, गुणाकार सारखा राहतो : ८ × ६ = ४८, आणि १२ × ४ = ४८. चार दिवस. ह्याला व्यस्त प्रमाण म्हणतात. मांडणीपूर्वी स्वतःला विचारा, "हे वाढलं तर ते वाढेल का घटेल?"

दुसरा : सुरुवातीलाच काही रक्कम ठरलेली असेल तर प्रमाण मोडते. ट्रॅक्टर बोलावला की यायचे दोनशे आणि पुढे तासाला अमुक, असा ठराव असेल तर दोन तासांचे पैसे एका तासाच्या दुप्पट होत नाहीत.

तिसरा : जिथे मर्यादा घातली आहे. एफ.आर.पी. उताऱ्याबरोबर खाली येते, पण ९.५ टक्क्यांपर्यंतच. २०२५-२६ साठी त्या ठिकाणी टनाला ३२९०.५० रुपये आहेत. उतारा ९.२ लागला तरी दर तोच. तिथे सममूल्य अपूर्णांक करत बसू नका.

चौथा, आणि सर्वांत महत्त्वाचा : माती म्हणजे मशीन नव्हे. दोन पोत्यांना इतका ऊस, म्हणून चार पोत्यांना दुप्पट, असे होत नाही. ठराविक हद्दीपुढे खत वाढवले की ऊस वाढत नाही, खर्च वाढतो आणि जमीन बिघडते. पाण्याचेही तेच.

शेवट

त्या दोन भावांचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. आम्ही वरची चार ओळींची मांडणी थोरल्याला त्याच्याच हाताने करायला लावली. ८४/८०, मग १०.५/१०, मग ३१.५/३०. तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग धाकट्याला म्हणाला, "लबाडी न्हवती माझी." धाकटा म्हणाला, "दादा, मला ते आज कळलं." पुढचे बिल निघाले तेव्हा फरकाची रक्कम भागली. म्हातारी जाताना आम्हाला म्हणाली, "येवढं पुस्तकात असतं, मग शिकलेली माणसं चुकत्यात कशी?" आम्हाला उत्तर देता आले नाही.

आमची विनंती अशी की हा अंक घरी नेल्यावर मुलामुलींना सोबत घेऊन बसा. तुम्ही गुंठे आणि टन सांगा, त्यांना अंश-छेद मांडू द्या. त्यांचा अभ्यास होईल आणि तुमचा हिशेब.

घरी सोडवून पाहा

१) १ एकर २० गुंठ्यांत ६६ टन ऊस निघाला. त्याच उताराने २ एकर १० गुंठ्यांत किती टन निघेल?

२) १५ लिटर पाण्याला ६० मिली औषध, तर २०० लिटरच्या बॅरलला किती?

३) सामाईक विहिरीवर तिघांचे भिजणारे क्षेत्र २०, ३० आणि ४० गुंठे. वीजबिल ५४०० रुपये. क्षेत्राप्रमाणे वाटून द्या.

४) १० कोयते एक फड १२ दिवसांत तोडतात. १५ कोयते किती दिवसांत तोडतील?

५) ३५५० रुपये दर १०.२५ टक्क्यांना, वर दर ०.१ टक्क्याला टनामागे ३४.६० रुपये. १०.७५ टक्के उताऱ्याला टनाचा दर किती?

उत्तरे : १) ९९ टन (६६/६० = ९९/९०). २) ८०० मिली. ३) १२००, १८०० आणि २४०० रुपये. ४) ८ दिवस (व्यस्त प्रमाण). ५) ३७२३ रुपये.

पहिल्या उदाहरणाचे उत्तर ज्यांचे ११५.५० टन आले, त्यांनी पुन्हा टिंबाचा परिच्छेद वाचावा. १.२० आणि २.१० मशीनवर घातल्याचा तो प्रसाद आहे!